ब्रुकलिनच्या खोक्यातून पाहिलेलं नाटक

नायगारा कसा वाटला, असं सांगलीत मला अजून विचारतात. मी तो पाहिलाच नाही. माझ्या बायकोने, सुमनने, पाहिला. निळा प्लास्टिकचा रेनकोट घातलेला तिचा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. तिच्या शेजारी, जिथे मी असायला हवं होतं, तिथे जर्सी सिटीतल्या शेजारच्या देशपांडे काकू उभ्या आहेत. जावयाने आम्हा दोघांची तिकिटं काढली होती. मी आयत्या वेळी गुडघ्याचं निमित्त पुढे केलं, आणि त्या दोघी धबधब्याच्या तुषारांत भिजत होत्या तेव्हा मी ब्रुकलिनमध्ये एका म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो. हे लिहून टाकल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. पण पुढचं आठवलं की हसू येतं, म्हणून सांगतो.

जर्सी सिटी

मुलीच्या बाळंतपणाला आई लागते, वडील लागत नाहीत. हे मला सांगलीतही ठाऊक होतं, पण सतराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये ते रोज नव्याने कळायचं. सुमनने पोहोचल्या दिवसापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मुग्धाचे पाय सुजत होते, ती सोफ्यावर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करायची. मी मदत म्हणून भांडी डिशवॉशरमध्ये लावली की ती उठून पुन्हा नीट लावायची. मग मी खिडकीत बसून नदीपलीकडचं मॅनहॅटन बघत असे. एवढा खर्च करून जावयाने आपल्याला खिडकीत बसायला आणलं, हा विचार मला चहाही गोड लागू देत नव्हता.

जावई निखिल नागपूरचा, मोकळा मुलगा. त्याने माझा चेहरा वाचला असावा. एका संध्याकाळी म्हणाला, "बाबा, माझ्या टीममध्ये सारा म्हणून आहे. तिचे फादर थिएटरवाले आहेत, ॲक्टर-डायरेक्टर. मी तिला सांगून टाकलं की तुम्हीपण थिएटरमध्ये आहात. संडेला बोलावलंय त्यांनी. आता कॅन्सल नका करू यार."

मी थिएटरमध्ये नाही. नोकरी वीज मंडळात, आणि संध्याकाळी आमच्या हौशी संस्थेत प्रॉम्प्टर. गेली बावीस वर्षं विंगेत उभा राहून दुसऱ्यांची वाक्यं सांभाळतो. तोंडाला रंग एकदाही लावलेला नाही. हे निखिलला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला की साराला कुठे एवढं कळणार आहे. म्हणजे निघतानाच डोक्यावर एक खोटं घेऊन निघालो. सोबत नेवार्क ॲव्हेन्यूवरच्या दुकानातले पेढे घेतले.

ओशन पार्कवे

ब्रुकलिनचा हा रस्ता रुंद, दोन्हीकडे झाडं आणि झाडांखाली बाकं. बाकांवर टोप्या घातलेले म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसलेले. आमच्याकडे कट्ट्यावर बसतात तसेच, फक्त भाषा रशियन. सारा मला स्टेशनवर घ्यायला आली होती. चाळिशीची, केस आखूड, चालणं भरभर. निखिलने तिला शिकवून ठेवलं होतं, मला बघताच म्हणाली, "नमस्ते, काका."

वाटेत तिने सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हे लोक कॉकेशसच्या डोंगरांतले ज्यू. रशियन लोक त्यांना पहाडी ज्यू म्हणतात. कास्पियन समुद्राच्या काठी डर्बेंत नावाचं जुनं तटबंदीचं शहर आहे, तिथले. त्यांची भाषा जुहुरी, म्हणजे फारसीची एक चुलतबहीण. वडिलांचं सगळं आयुष्य त्या भाषेत नाटकं करण्यात गेलं. अमेरिकेत येऊन दहा वर्षं होत आली, आणि इथलं त्यांचं पहिलं नाटक आता बसतंय.

शालुमकाकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. (काका मी मनातल्या मनात म्हणत असे, ते मला पहिल्या दिवसापासून 'बिरार' म्हणत, म्हणजे भाऊ.) सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ, भुवया पांढऱ्या आणि झुपकेदार. त्यांच्या पत्नी इस्तिरकाकू ठेंगण्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. टेबलावर इतकं मांडलं होतं की माझी बशी ठेवायला जागा करावी लागली. लसूण आणि व्हिनेगर घातलेल्या रश्श्यात मटणाचे अगदी छोटे मोदक, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, आणि चुदू. हा चुदू म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीण, तळहाताएवढी, आत मटण. घरी सुमन शाकाहारी असल्यामुळे मी हे सारं बाहेर आणि जपून खातो. तिथे जपलो नाही.

पेढ्यांचा खोका मी दोन्ही हातांनी इस्तिरकाकूंच्या हाती दिला. त्यांनीही दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावल्यासारखा केला, आणि सरळ नेऊन बाल्कनीत ठेवून दार लावून घेतलं. मी गार पडलो. काय अपराध झाला असेल याचे सगळे तर्क करून झाल्यावर साराच्या लक्षात आलं. मटणाच्या टेबलावर दुधाचा पदार्थ येत नाही, भांडीसुद्धा वेगळी. माझ्या आईचं सोवळं आठवलं आणि जीव भांड्यात पडला. दुपार कलल्यावर, पोटं रिकामी झाली असं काकूंनी ठरवल्यावर, पेढे आत आले. कमरेला निमुळत्या काचेच्या पेल्यांतून काळा चहा आला. शालुमकाकांनी साखरेचा खडा दातात धरला, पेढा हातात धरला, आणि आपली कहाणी सांगायला बसले.

त्यांचे वडील दारूची पिंपं बनवत. पोराने तोच धंदा करावा म्हणत, पण पोरगा पिंपात तोंड घालून मोठ्याने बोलून बघायचा, आवाज कसा घुमतो ते. गावात नाटक मंडळी होती. तिथे तो आधी कंदील धरायला गेला, मग एका नटाचा घसा बसला म्हणून उभा राहिला, आणि घरी आल्यावर आईने लाटणं उगारलं. द्राक्षमळ्यांतून, ट्रकचा मागचा फाळका पाडून त्यावर प्रयोग केले. काही वर्षं थिएटरच बंद झालं. तेव्हा दिवसा डबाबंद माशांच्या कारखान्यात काम, आणि संध्याकाळी हाताला माशांचा वास घेऊन तालीम. पुढे थिएटर पुन्हा उघडलं, ते दिग्दर्शक झाले. बायको त्यांना नाटकातच भेटली. ती त्यांच्या मुलीचं काम करायची, म्हणून लग्नानंतर कित्येक दिवस लोक त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत.

"आणि इथे?" मी विचारलं.

इथे आठ वर्षं फर्निचरच्या दुकानात राखण, असं सारा म्हणाली. काकांनी तिला थांबवून स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं, "सोफा. गुड ऑडियन्स. नो कफिंग."

मग मला विचारलं, तुम्ही काय करता थिएटरमध्ये? निखिलचं खोटं मला पेलेना. मी खरं सांगून टाकलं की फक्त प्रॉम्प्टर आहे. साराने भाषांतर केलं. शालुमकाका उठले. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि पत्नीकडे वळून काहीतरी मोठ्याने म्हणाले. सारा हसत होती. "पप्पा म्हणतायत, देवाने नट पाठवला असता तर परत पाठवला असता. नट ढीगभर आहेत. प्रॉम्प्टर नव्हता."

मी म्हटलं, मला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नाही. काकांनी हात झटकला. प्रॉम्प्टरला अर्थ कळू लागला की तो दिग्दर्शन करायला लागतो, म्हणाले.

स्वयंपाकघरातली लिपी

इस्तिरकाकूंनी वाक्यं सांगायची आणि मी देवनागरीत उतरवायची, असं ठरलं. पहिली बैठक पुढच्या रविवारी, आणि त्याच रविवारी नायगारा होता. मला सुमनला खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण ती हो म्हणाली असती, आणि मग मला जास्तच वाईट वाटलं असतं.

भाषा परकी होती खरी, पण मधूनच ओळखीचा चेहरा दिसायचा. भाकरीला नुन, मित्राला दुस्त, पाचाला पेंज. घशाच्या तळातून काढायचे दोन आवाज मात्र देवनागरीत बसेनात. त्यांच्यासाठी मी एक गोल आणि एक फुली ठरवली. मी वाचून दाखवलं की काकू तोंडाला पदरासारखा रुमाल लावून हसायच्या, मग दुरुस्त करायच्या, मग लसूण पुढे सरकवायच्या.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, सारा दुकानात गेली असताना, काकूंनी पहिल्यांदा माझ्याशी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला. तुटकं होतं, पण कळलं. त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "शालुम. हियर. समटाइम... डोअर क्लोज." पाठांतर सुटतंय. त्यांनी स्वतः कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही. डर्बेंतमध्ये त्यांचा एक जोडीदार स्टेजवर अडला होता, लोक हसले होते, आणि तो पुन्हा कधी उभा राहिला नव्हता. तेव्हापासून शालुमकाका म्हणत आले होते की ज्या दिवशी मी अडेन तो माझा शेवटचा दिवस. काकूंना भीती नाटक बिघडण्याची नव्हती. नाटक संपल्यावर ते घरात खिडकीशी कसे बसतील, याची होती. खिडकीशी बसलेला माणूस मला चांगला माहीत होता.

काकूंचं म्हणणं एवढंच की मी सगळ्यांनाच सारखं प्रॉम्प्टिंग द्यावं, म्हणजे ते शालुमकाकांसाठी आहे हे त्यांना कळणार नाही. मी मान डोलावली. दिग्दर्शकापासून लपवून त्याच्या बायकोशी केलेला तह डोक्यावर घेऊन मी जर्सी सिटीला परतलो. मी लायब्ररीत जातो असं घरी सांगितलेलं होतं.

सुमनने दार उघडलं, एकदा श्वास घेतला आणि म्हणाली, "अमेरिकेतल्या लायब्ररीत लसणाची फोडणी देतात का हो?"

मग सगळं सांगितलं. गुडघ्याचंसुद्धा. तिने हातातली भाजी चिरून संपवली. नंतर म्हणाली की गुडघ्याचं तिला तेव्हाच कळलं होतं, कारण त्या दिवशी मी उजवा धरला होता आणि दुखतो तो डावा. देशपांडे काकूंबरोबर मजा आली, मी बरोबर असतो तर किती खर्च आला तेच सांगत बसलो असतो. एवढं बोलून तिने मला पोळीभाजी वाढली.

तालीम

तालमी एका रेस्टॉरंटच्या समारंभाच्या हॉलमध्ये होत, दुपारी, लग्नं नसतील तेव्हा. मंडळी मध्यमवयीन: एक दातांचा डॉक्टर, एक केशकर्तनालय चालवणारी बाई, तिचा भाऊ. जुहुरी त्यांना येई, पण घरच्यापुरती. तेव्हा वाक्यं त्यांचीही अडत. नाटक हसरं होतं. डर्बेंतचा एक हट्टी गालिचेवाला मुलीचं लग्न मोडायला बघतो आणि शेवटी स्वतःच तिला आशीर्वाद देतो. गालिचेवाला अर्थात शालुमकाका.

डर्बेंतच्या थिएटरात प्रॉम्प्टरसाठी स्टेजच्या पुढच्या कडेला एक झाकलेला खड्डा असे. इथे खड्डा कुठला. मग वॉशिंग मशीनचा रिकामा खोका आणला, त्याला स्टेजकडून खिडकी कापली, काळा कागद लावला आणि आत एक बुटकं स्टूल ठेवलं. मी आत बसलो की प्रेक्षकांकडे खोक्याची पाठ आणि माझ्या डोळ्यांसमोर नटांचे बूट.

पहिल्या तालमीतच फजिती झाली. शालुमकाका पुढे आले, हात उंचावला आणि थांबले. मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतायत. काय सुंदर पॉज घेतला, असं मला वाटलं. मग त्यांनी खोक्यात वाकून काहीतरी गरजून विचारलं. साराने भाषांतर केलं, "पप्पा विचारतायत, तुम्ही दमलात का?" तिच्या चेहऱ्यावरून मूळ वाक्य बरंच वेगळं होतं हे कळत होतं.

आमच्याकडे नट अडला तरच प्रॉम्प्टर बोलतो. ज्या प्रयोगात त्याला तोंड उघडावं लागलं नाही, तो प्रयोग चांगला. बावीस वर्षं मी गप्प राहण्याचा अभिमान बाळगला होता. त्यांच्याकडे उलटं. प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्य नटाच्या किंचित आधी, कुजबुजत, न थांबता म्हणत जातो. नट त्याच्या आवाजावर चालतो, जसा गवई तंबोऱ्यावर. म्हणजे ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांच्या अडण्याची. इस्तिरकाकू मागच्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या.

मग मी शिकलो. जिभेला कोरड पडेपर्यंत कुजबुजलो. हळूहळू शालुमकाकांचे बूट सैलावले. मान खाली घालून वाचताना मला त्यांचं फक्त तेवढंच दिसायचं, पण माणूस मोकळा झाला की त्याच्या टाचा सांगतात. मधल्या काळात मुग्धाला मुलगी झाली. बाळ माझ्या कुजबुजण्याने झोपतं असा शोध लागला आणि घरात माझी किंमत एकदम वाढली. तिला मी अर्धं नाटक ऐकवलं आहे.

प्रयोग

जूनमधल्या एका रविवारी दुपारी प्रयोग झाला. हॉल भरला. पहिल्या रांगेत डर्बेंतच्या म्हाताऱ्या बायका रुमाल बांधून बसल्या होत्या, त्यांच्यामध्येच सुमन, नऊवारी नव्हे पण इरकली नेसून. त्यांनी तिच्या हातात भाजलेल्या बिया दिल्या होत्या. निखिल मुग्धाजवळ घरी थांबला होता.

मी खोक्यात शिरलो. सुरुवात छान झाली. दातांचा डॉक्टर दोनदा अडखळला, मी उचलून धरला. शालुमकाका पाण्यासारखे वाहत होते. लोक हसत होते, आणि ते हसू माझ्या पाठीला खोक्यातून कळत होतं.

शेवटी आशीर्वादाचं लांब भाषण होतं. गालिचेवाला मुलीला सांगतो की तुला दिलेल्या गालिच्यात मी मुद्दाम एक गाठ चुकवली आहे, म्हणजे तू तो ओळखशील. शालुमकाकांनी पहिली ओळ म्हटली. दुसरी मी दिली. ते बोलले नाहीत. मी पुन्हा दिली. बूट हलेनात. टाचा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी तिसऱ्यांदा दिली, आणि घाबरून आवाज वाढला, कुजबुज राहिलीच नाही. माझी ती सांगलीची जुहुरी, गोल आणि फुलीसकट, पहिल्या रांगेपर्यंत गेली.

माझ्या पाठीमागून एका म्हातारीने ती ओळ उचलली आणि नीट म्हणून दाखवली. तिच्या शेजारणीने पुढची. मग सगळी रांगच म्हणू लागली, आरती म्हणावी तशी, एका सुरात. त्या बायकांनी ते नाटक तरुणपणी इतक्यांदा पाहिलेलं होतं की त्यांना गाठीसुद्धा पाठ होत्या. मी खोक्यात डोकं गुडघ्यात घातलं. एक माणूस अडला हे मी शंभर लोकांना ऐकवलं होतं.

तेवढ्यात वरून काठी आपटल्याचा आवाज आला. शालुमकाका गालिचेवाल्याच्याच आवाजात ओरडले. सारा नंतर म्हणाली की ते असं म्हणाले: "मुलगी माझी की तुमची? तुम्हालाच सगळं येतंय, तर या वर आणि लावून द्या लग्न."

हॉलमध्ये हशा फुटला. एक म्हातारी बसल्याजागी उत्तर देत होती, ते तिला दटावत होते. मग शांत झालं आणि त्यांनी भाषण पहिल्यापासून घेतलं. मी एकही शब्द दिला नाही. शेवटपर्यंत म्हणाले. मध्ये कुठली ओळ गळली असेल तर त्या बायकांना माहीत, पण कुणी बोललं नाही.

पडदा नव्हता. टाळ्या बराच वेळ चालल्या. सुमन म्हणाली, तिला शब्द एक कळला नाही आणि रडू मात्र दोनदा आलं. शालुमकाका भेटायला बाहेर आले नाहीत. काकूंनी सांगितलं की रंग पुसून आत बसलेत. घरी जाताना मी सुमनशी काय बोललो ते आठवत नाही.

समुद्रकाठी

बुधवारी साराचा फोन आला की वडिलांनी ब्रायटन बीचवर बोलावलंय. मी माफी मागायची वाक्यं इंग्रजीत तयार करून गेलो. समुद्राला लागून लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता आहे, तिथे एका बाकावर ते आणि काकू बसले होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या काय सांगू पाहतायत ते मला कळेना.

"चूक झाली," शालुमकाका म्हणाले. सारा मध्ये उभी राहून सांगत होती.

मी म्हणालो, माझीच. मी ओरडायला नको होतं.

"तुझी कशी? नाटक तू निवडलंस का?" त्यांच्या भुवया वर गेल्या. चूक दिग्दर्शकाची, म्हणाले. ज्या बायकांनी ते नाटक तरुणपणापासून पाहिलं, त्यांनाच ते पुन्हा दाखवायचं! असल्या प्रेक्षकांपुढे नट काय करणार? तो तोंड उघडायच्या आत त्यांचं म्हणून होतं. पुढच्या वेळी असं नाटक हवं की डर्बेंतच्या एकाही म्हातारीने ते ऐकलेलं नसेल.

'पुढच्या वेळी' हे शब्द साराने सांगितले तेव्हा काकू समुद्राकडे बघत होत्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

त्यांनी अडण्याचं काय केलं मनात, ते मला माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही. लक्षात राहिलं असेल आणि गिळलं असेल, किंवा खरोखरच दोष त्या बायकांचा वाटत असेल. मी तयार केलेली माफी खिशातच राहिली, आणि पहिल्यांदाच तिचं ओझं वाटलं नाही.

मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "बिरार, तुमच्याकडची एक गोष्ट सांग. तुमची नाटकं इथे कुणाला पाठ असणार?"

आमच्या संस्थेच्या एका सभासदाने लिहिलेलं एक नाटक मला पहिल्या ओळीपासून येतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानातले दोन भागीदार. एकमेकांशी बोलणं बंद आहे, दुकान मात्र चालू आहे, म्हणून सगळं बोलणं गिऱ्हाइकामार्फत. पंक्चर काढायला आलेला माणूस दोघांचं भांडण इकडून तिकडे नेता नेता स्वतःच भांडायला लागतो. मी सांगत होतो, सारा सांगत होती, आणि ती पोहोचायच्या आधीच काका माझ्या हातवाऱ्यांवर हसत होते. भागीदारांचं बोलणं बंद का झालं, तिथे आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"त्यात म्हातारा कोण आहे?"

मी म्हणालो, म्हातारा कुणीच नाही, दोघंही तिशीतले आहेत.

"मग घाल एक," शालुमकाका म्हणाले. "आणि त्याला बोलायला भरपूर दे."